साडी-चोळीचा भाव

आमच्या खेड तालुक्यात बाईच्या अंगावर नवं कापड चढायचे हंगाम ठरलेले होते. एक दिवाळीचा, दुसरा लगीनसराईचा. मधल्या काळात जे काही मिळायचं ते कुणाच्या तरी सुखदुःखातून फिरत आलेलं असायचं. डोहाळजेवणाचं, बारशाचं, नाहीतर दुखवट्याचं. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्या होत्या आणि प्रत्येक घडीची तिला ओळख होती. हे थोरल्याच्या लग्नातलं, हे धाकटीच्या बारशातलं, हे माझ्या बापाच्या दहाव्याचं. लुगड्यांवरून ती साल सांगायची. ज्या घरात कुणाची जन्मतारीख लिहून ठेवलेली नव्हती, त्या घरात तेवढंच काय ते दप्तर.

गाव भामा नदीच्या काठचं, चाकणपासून पाच-सहा मैलांवर. चाकणचा बाजार शनिवारचा. कांद्याच्या गाड्या पहाटेच निघायच्या आणि त्या दिवशी कांद्याला काय भाव लागला त्यावर घरातल्या बायकांचं कापड ठरायचं. भाव लागला तर इरकल, नाही लागला तर जाडंभरडं सुती. बायका दुकानात जात नसत. थोरले चुलते जायचे. ते एकाच गठ्ठ्यातली, एकाच रंगाची, एकाच काठाची तीन लुगडी उचलायचे, तिघी जावांना तीन. म्हणजे हिला भारी न् मला हलकं, असा तंटा नको. पण नदीवर धुणं वाळत घातलं की कुठलं कुणाचं ते कळायचं नाही. मग आईने आपल्या पदराच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचे दोन टाके घातले, धाकट्या काकूने निळ्या दोऱ्याचे. आमच्या घरातल्या बायकांनी आपल्या मर्जीने केलेली पहिली फॅशन तीच असावी.

आजीने त्याहून वाईट दिवस पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, इंग्रज सरकारने कापडावर कंट्रोल आणला. ती 'कंट्रोल' हा शब्द दुष्काळासारखा उच्चारायची. लुगडं मधोमध विरलं की तेवढा भाग फाडून काढायचा आणि धडक्या कडा एकमेकींना शिवायच्या. ह्याला दांड घालणं म्हणतात. तिच्या एका लुगड्याला तीन दांड होते. शेवटी त्याची गोधडी झाली, आणि त्या गोधडीत मी झोपले आहे.

इरकलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नव्या मुलींना ती आता 'ट्रॅडिशनल डे'लाच दिसते. ती कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची. अंग सुती, पदर रेशमी. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा, आणि दोन्ही फासात फास अडकवून जोडलेले असतात. पदर बहुतेक डाळिंबी, त्यात पांढरे पट्टे. काठांना नावं असतात, त्यातला गोमी काठ आमच्याकडे फार. त्यावरची चोळी खणाची, आणि खण त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढं ओझं कशाला? पण काष्टा मारून, निऱ्या खोचून बाई गुडघाभर चिखलात कांद्याची लागण करू शकते, बांधावरून उडी मारू शकते, झाडावरसुद्धा चढते. आणि कमरेला कनवटी. बाजारातून उरलेले चार-आठ आणे, सुपारीचं खांड, एखादी चिठ्ठी, सगळं त्या पिळ्यात. बाईची तिजोरी तीच. पुढे गोल साडी आली तेव्हा कनवटी गेली. मग पैसे ठेवायला ब्लाउज उरला.

आता आत्याकडे येते. वडिलांची ही थोरली बहीण. तिचा नवरा जुन्नरला कापडाच्या दुकानात कामाला होता. तो रात्री घरी तुकडे आणायचा, कापून उरलेल्या चिंध्या, आणि बायकोला ओळखायला लावायचा. हे कुठल्या गिरणीचं, हे हातमागाचं, ह्यात रेशीम किती. ती पंचविशीची असताना तो तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. सहा महिन्यांत आत्या माहेरी आली ती कायमची. येताना तिने दोन गोष्टी आणल्या. एक पितळी हंडा, आणि बोटांत ते कापडाचं ज्ञान.

भावकीत कुणाचंही लग्न ठरलं की बस्त्याला आत्या हवी. हल्ली सगळ्यालाच शॉपिंग म्हणतात, पण बस्ता म्हणजे नुसती खरेदी नव्हे. मानकऱ्यांची यादी असते. कुणाला भारी पातळ, कुणाला नुसता खण, कुणाला टॉवेल-टोपी. एक नाव राहिलं की दहा वर्षं अबोला. आमच्याकडचे बस्ते पूर्वी चाकणला नाहीतर खेडला व्हायचे, घर मोठं असेल तर पुण्यात लक्ष्मी रोडला. सत्तर सालानंतर ते पिंपरीला वळले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीला वसली होती. बराकींमध्ये राहून, डोक्यावर गठ्ठे घेऊन दारोदार कापड विकत त्या लोकांनी एक पिढी काढली, आणि मग त्याच जागेवर बाजारपेठ उभी केली. आमच्या तोंडी ती अजून 'कॅम्प'च. एसटीने भोसरीला उतरायचं आणि पुढे जायचं. पुण्यापेक्षा जवळ, भावाला सैल, आणि दुकानदार पन्नास नग उलगडून दाखवायचा तरी कपाळाला आठी नाही. लुगडं-चोळीतल्या बाईला तिथे कुणी दारात ताटकळत ठेवत नसे. हे मोठं कारण होतं, आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नाही म्हणून इथे लिहिते.

माझ्या थोरल्या बहिणीचा बस्ता १९८१ सालचा. मी सतरा वर्षांची, आत्याच्या शेजारी गादीवर बसलेले. आत्या आधी बोलायचीच नाही. साडी हातात घेतली की अंगठा आणि दोन बोटांत कापड चोळायची. पांढरी भुकटी पडली की म्हणायची, "शेट, खळ काढली तर काय ऱ्हाईल ओ?" मग साडीचं टोक थुंकीने ओलं करून आपल्या पांढऱ्या रुमालावर घासायची. रंग उतरला की साडी बाजूला. पदराची उलटी बाजू बघायची, धागे किती लोंबतात ते. आणि शेवटी, दुकानदार काही म्हणो, साडी उचलून दाराबाहेर उन्हात न्यायची. ट्यूबलाइटखाली कुठलाच रंग खरा नसतो, हे तिचं पक्कं मत.

बहीण सावळी. चुलत्यांनी तिच्यासाठी फिकट गुलाबी काढलेली. आत्या म्हणाली, "फिक्क्यात ती आनखी सावळी दिसंल. तिला डाळिंबी द्या, जांभळा द्या, मोरपिशी द्या. गर्द रंगात सावळी पोरगी उजळती. त्यो गुलाबी गोऱ्या कातडीला बरा." ठेंगण्या काकूंसाठी कुणी रुंद काठाची साडी काढली तर, "आगं, आर्धी बाई काठातच जाईल की. बोटभर काठ घे." जाड अंगाच्या बाईला मोठ्या फुलांचं कापड तिने कधी घेऊ दिलं नाही. ब्लाउजचं अस्तर आणि साडीचा फॉल रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय शिवायला टाकायचा नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडी चुरगळून वर येते. ही शेवटची गोष्ट आजही निम्म्या शिंपिणी सांगत नाहीत.

गठ्ठा बांधून झाला की त्याला हळद-कुंकू लावतात, नारळ ठेवतात. त्या वेळी आत्या उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. म्हणायला लागत नसे. स्वतः ती पिवळट पांढरं नाहीतर राखी नेसायची, काठ असून नसल्यासारखा. हिरवा रंग बंद, खण बंद. सगळ्या भावकीचे रंग ती निवडायची आणि तिचा रंग मात्र नवऱ्याबरोबर गेलेला.

ह्याच सुमाराला आमच्या सगळ्या पट्ट्याचंच कापड बदलत होतं. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मग आकुर्डीला बजाज आली, टेल्को आली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. गावोगावचे पुरुष तिकडे कामाला लागले आणि त्यांच्या बायका भोसरीच्या, चिंचवडच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहायला गेल्या. तिथे चिखल नव्हता, लागण नव्हती, नळाचं पाणी मोजून दोन तास. नऊवारी धुवायला दोन बादल्या लागतात. गोल साडी तीनच वार कमी, पण नायलॉनची असेल तर एका बादलीत होते आणि तासात वाळते. फॅशनच्या इतिहासात हे कुणी लिहीत नाही, पण आमच्या आया शहाण्या झाल्या त्या पाण्याच्या हिशेबाने. आईने पहिली गोल साडी नेसली तेव्हा आजी म्हणाली, "पाय बांधल्यावानी चालती." आणि ते खरंही होतं.

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. आमच्या गावचे दोघे परळला होते, ते परत आले. गिरण्यांचं सुती पातळ दुकानांतून कमी होत गेलं आणि त्या जागी सुरतेचं, भिवंडीचं, मालेगावचं कापड आलं. स्वस्त, चमकदार, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारं. आत्याला त्याचा राग होता. "घाम शोसत न्हाय त्ये कापड कशाचं? ताडपत्री ती."

हंगामही सरकला. कांद्याच्या भावाऐवजी आता बोनस. १९६५ च्या बोनस कायद्याने नवऱ्याच्या हातात दिवाळीआधी एकरकमी पैसा यायला लागला, आणि त्या पंधरवड्यात पिंपरी कॅम्पात शगुन चौकातून चालायला जागा राहत नसे. मी १९८५ ला लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हापासून ती गर्दी पाहते आहे. फरक एवढाच की आता बाई नवऱ्याबरोबर दुकानात जात होती. रंग ती सांगायची, पाकीट त्याच्या खिशात.

सिनेमाने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९७३ च्या 'बॉबी'नंतर ठिपक्याच्या कापडाला चाकणच्या बाजारातसुद्धा 'बॉबी प्रिंट' म्हणायचे. १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला आणि प्रत्येक बस्त्यात माधुरीची जांभळी साडी. त्यानंतर पंजाबी ड्रेस गावात शिरला, आधी कॉलेजच्या पोरींच्या अंगावर. लग्न झालं की तो पेटीत. सुना मात्र गाऊनवर आल्या. गाऊन रात्री झोपायचा, पण आमच्याकडे तो दिवसभर, सासरा आला की खांद्यावर टॉवेल. ह्या टॉवेलवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

त्याच काळात चाकणच्या आसपासच्या गावांत एमआयडीसीच्या मोजण्या सुरू झाल्या. निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, कुरुळी... जिथे बाजरी आणि कांदा होत होता तिथे खुणेचे दगड आले. १९९९ ला बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, पुढच्या दहा-अकरा वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा. पण कारखाना यायच्या आधी तलाठ्याकडे गर्दी झाली. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे जशी भावांची नावं लागली होती तशी बहिणींचीही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा दिलेला. १९९४ साली महाराष्ट्राने पुढचं पाऊल टाकलं आणि तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलार्जित जमिनीत मुलासारखा जन्माचा हक्क दिला. सगळ्या देशात तो २००५ साली आला. कायदा असा चालत आला, आणि त्याच्या आडवी आली साडी.

रीत अशी. भाऊ बहिणीला दिवाळीला बोलावतो, गोडधोड करतो, आणि भाऊबिजेनंतर दोन-तीन दिवसांत सगळे राजगुरुनगरला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात. बहीण हक्कसोडपत्रावर अंगठा नाहीतर सही करते. येताना तिला भारी साडी-चोळी. 'साडी-चोळीवर सोडलं' असाच शब्दप्रयोग आहे. ती साडी बहीण कौतुकाने मिरवतेही, कारण सही केली नाही तर माहेर तुटतं, आणि माहेर तुटलेल्या बाईला सासरीही किंमत नसते. मी हे दुरून सांगत नाही. माझ्या बरोबरीच्या किती जणींच्या कपाटात अशी एक पैठणी आहे, तिची घडी त्या मोडत नाहीत.

आमच्या घरी आत्याची पाळी आली. मी दिवाळीला माहेरी होते. थोरल्या चुलत्यांनी साडी आणली, तीही आत्याला न विचारता. वीस वर्षांत घरात पहिल्यांदा तिच्या बोटांखालून न जाता कापड आलं. बिस्किटी रंगाची रेशमी, जरीचा काठ, खोक्यात घातलेली. आत्याने खोकं उघडलं. सवयीनेच अंगठ्याने काठ चोळला, मग पदर उलटा केला.

"दोन हजार दिलं आसशील," ती म्हणाली. चुलते गप्प. "बाराशेची हाय. जर खोटी हाय." तिने घडी नीट केली, खोक्यात ठेवली, झाकण लावलं. "आन् वावर केवढ्याचं हाय, रं?"

त्या दिवशी कचेरीत कुणी गेलं नाही. चुलत्यांनी आदळआपट केली, आजवर सांभाळलं ते काढलं. माझे वडील मधे पडले नाहीत, पण चुलत्यांच्या बाजूनेही बोलले नाहीत, आणि आमच्या घरात ते पुष्कळ होतं. दोन महिन्यांनी आत्याने सही केली, पण तिच्या नावाचं पासबुक हातात आल्यावर. त्यात हिश्शाएवढी रक्कम नव्हती. साडीएवढीही नव्हती, बरीच जास्त होती. थोरले चुलते तिच्याशी पुढे दोन वर्षं बोलले नाहीत. ती बिस्किटी साडी आत्याने देवघराच्या फळीला पडदा म्हणून लावली.

पुढच्या आषाढात ती एकटीच एसटीने चिंचवडला आली. आषाढात लग्नं नसतात, दुकानदाराकडे गिऱ्हाईक नसतं, तेव्हा सेल लागतात. कापड घ्यायचं तर आषाढात, हे तिचं शास्त्रच होतं. आम्ही कॅम्पात गेलो. मला वाटलं नातीसाठी काही घेईल. तिने हिरव्या अंगाची, डाळिंबी पदराची इरकल काढायला लावली, उन्हात नेऊन पाहिली, कनवटीतून नोटा काढून मोजल्या. मी काहीच विचारलं नाही. कार्तिकीला आळंदीला ती तेच नेसून गेली. इंद्रायणीच्या घाटावर आमच्या गावच्या बायकांनी एकमेकींना कोपर मारले, ते मी पाहिलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला तेव्हा पेपरात केवढं आलं. आत्या तेव्हा नव्हती. आणि तिने ठराव वगैरे काही केलेला नव्हता.

मग माझी वहिनी कंपनीत लागली, २००४ साली. गाड्यांच्या वायरी बांधायचं काम. शर्ट-पँट, डोक्याला टोपी, बांगड्या काढायच्या, पदराचा प्रश्नच नाही, कारण पदर आणि फिरतं मशीन यांचं जमत नाही. ह्याच पट्ट्यात १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, आणि सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पत्र धाडून पुण्यात नोकरी मिळवली होती. तीस वर्षांनंतर आमच्या भावकीत मात्र सुनेच्या पँटवर बैठक बसली. पहिले चार महिने वहिनी साडीत निघायची आणि कंपनीच्या चेंजिंग रूममध्ये कपडे बदलायची. एकदा पावसात गणवेश वाळेना, तो ओसरीवर टाकलेला. सत्तरीच्या आत्याने तो उचलून आतबाहेर पाहिला. "कापड बरं हाय. शिवण दुहेरी हाय." मग खिशांत हात घालून मोजले. "चार खिसं. मला एकच कनवटी व्हती." दुसऱ्या दिवसापासून वहिनी घरूनच गणवेश घालून निघायला लागली.

आता हंगाम दोन राहिले नाहीत, बारा महिने आहेत. संक्रांतीला काळं, हळदीला पिवळं, श्रावणात हिरवं, मंगळागौरीला शिवलेली नऊवारी, जी पायजम्यासारखी पायात चढवतात. नवरात्राचे नऊ रंग तर शास्त्रात कुठेच नाहीत. ह्या शतकाच्या सुरुवातीला 'महाराष्ट्र टाइम्स'ने ते छापायला सुरुवात केली आणि लोकलपासून कंपनीच्या बसपर्यंत बायका एका रंगात दिसायला लागल्या. माझी भाची महाळुंग्याच्या कंपनीत आहे, तिच्या लाइनवरच्या मुली सुट्टीच्या वेळी गणवेश काढून त्या दिवसाच्या रंगात फोटो काढतात. नऊ दिवसांसाठी नऊ ड्रेस घेणं मला पटत नाही, कंत्राटी पगारात तर मुळीच नाही. मी तिला सांगितलं, सहा रंग कपाटात असतात, राखाडी आणि नारिंगी मैत्रिणीकडून आण. ती हसते आणि मोबाइलवरून मागवते, नाही आवडलं की परत पाठवते. चुलत्यांनी आणलेलं लुगडं परत पाठवायची सोय आमच्या आयांना नव्हती, म्हणून मी फार बोलत नाही.

गेल्या दिवाळीत तिने मॉलच्या ट्रायल रूममधून व्हिडिओ कॉल केला. मोरपिशी कुडता. "मावशी, दिसतो का गं मला?" मी म्हटलं, इथून काय कळणार, उन्हात जाऊन बघ. ती म्हणाली, "अगं, तिसऱ्या मजल्यावर ऊन कुठलं?" मग जिन्याला खिडकी असेल बघ, म्हटलं. तिने फोन तसाच हातात धरला आणि सेल्सगर्लला विचारत खिडकी शोधायला निघाली.